काळ्या पाषाणाखालचे वीस फूट

पाचोऱ्याजवळ योगराजच्या वावरात सकाळपासून बोअरचं मशीन धडधडत होतं आणि सुकदेवनाना बाजेवर बसून वर येणारी भुकटी चिमटीत चोळून पाहत होते. नानांनी उभ्या हयातीत पासष्ट विहिरी खोदलेल्या. जमिनीचं पोट त्यांना पाठ होतं. वर काळी माती, मग मुरूम, मग पाणी धरणारा मांजऱ्या दगड, खाली काळा पाषाण, मध्येच हातभर लाल गेरू आणि परत पाषाण. थर बदलला की ते विहिरीतून हाक द्यायचे, वरून बायको, शेवंताबाई, ओ द्यायची. ती जाऊन चार वर्षं झाली. आता घरात आवाज करायला भांडीच उरली होती, तीही पडली तर.

"नाना, दोनशे फूट व्हयनात. गेरू बी गया. आते बंद करू का?" योगराजनं विचारलं.

नानांनी भुकटी जिभेला लावली. कोरडी ठणठणीत. खाली पाणी नाही, यात त्यांना तिळभर शंका नव्हती. पण मशीन थांबलं की माणसं पांगणार आणि आपण त्या घराचं कुलूप उघडणार, हे त्यांना नको होतं.

"आखो वीस फूट जाऊ दे," ते म्हणाले. "पाषाणना खाल मांजऱ्या शे."

साफ खोटं, आणि फुटाफुटाचे पैसे योगराजच्या खिशातून जाणार होते. जमिनीच्या बाबतीत नाना आजवर कधी खोटं बोलले नव्हते. योगराजनं मान डोलावली आणि चहा सांगितला.

"नाना, तुम्ही पहिली हीर कोठे खंदी व्हती?" शेजारचा निंबा जवळ येऊन बसला.

नाना सांगत गेले. बोलता बोलता डोळा मात्र पाइपावर होता, आणि योगराजकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.

त्या वीसातल्या अठराव्या फुटाला पाणी उसळलं. बोलाफुलाला गाठ पडली! माणसं चिखलात नाचली. निंबा तर नानांच्या पायाच पडला.

"नानाले जमीनना पोटमातलं बठ्ठं दिसस," तो ज्याला त्याला सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नानांच्या दारात तीन गावची माणसं उभी.

"नाना, मना वावरमा बी चला. तुम्ही सांगशात तठलोंग खंदसूत."

चार वर्षं दारात कुणी यावं म्हणून नाना झुरले होते. त्यांनी फटीतून ती माणसं पाहिली, आतून कडी घातली आणि सगळे कंटाळून जाईपर्यंत चुलीजवळ बसून राहिले.