पावण्यांसाठी भरलेली इहीर

बसा भौ, एस्टीला आजून लय येळ हाय. तवर एक गोष्ट सांगतो. हसायची न्हाई, आदीच सांगून ठिवतो, आन् शेवट बी गोड न्हाई. पर तुमच्या गावात बी इहीर असलच, मून कान देऊन ऐका.

पिंगळी टेशनापासून अडीच कोसावर दगडसांगवी. बहात्तरच्या दुष्काळातून माणसं कशीबशी वर आली, पर गावच्या मोठ्या इहिरीतलं पाणी काई परतून आलं न्हाई. पाऊस पडायचा, ओढा वाहायचा, आन् संक्रांत सरली की इहिरीचा तळ दिसायचा. पाणी जातंय कुठं, कुणालाच ठावं न्हाई. बाया तळाला उतरून वाटीनं घागर भरायच्या.

पाणी हुतं ते बौद्धवाड्यातल्या इहिरीत. गावच्या इहिरीला शिवू देत नव्हते, तवा वाड्यातल्या माणसांनी सोताच्या हातानं खंदलेली ती इहीर. सरजाबाई तवा नवी नवरी. डोक्यावर मुरूम वाहिलेली. आता म्हातारी झाली, तरी सकाळची पहिली घागर तीच काढायची. झरा बारीक, पर आटायचा न्हाई. वाड्यातली तीस घरं त्याच्यावरच जगायची.

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तालुक्याहून कागद आला. शाळेवरचे भुजंग मास्तर वाड्यातलेच. त्यांनी तो चावडीत वाचून दावला. परभणीला विद्यापीठ झालंय, त्यात पाण्याचा शोध करणारी संस्था काढायची म्हणतेत. त्याला मुंबईत कायदा व्हावा लागतो. कायद्याच्या आदी आमदारांची कमिटी काई गावं पाहणार, आन् त्यात आपलं गाव!

सरपंच भगवानराव म्हणले, “संस्था आली तर काय नळ देणार का, मास्तर?”

“नळ न्हाई. खडक तपासतील. पाणी कुठं मुरतंय, कुठं अडवायचं, कुठं खंदायचं, ते सांगतील. आजवर आपण तळहातावर नारळ धरून जागा पाहिली, आन् पाच इहिरी कोरड्या खंदल्या.”

“मंग येऊ द्या की! पर इतकी मोठी माणसं येणार, आन् त्यायला कोरडी इहीर दावायची? दारात पावणा आला की आदी पाण्याचा तांब्या देतो आपण.”

“अवो, ते पाणी पेयाला न्हाई येऊ लाले. आपली तहान पाहायला यायलेत!”

“तुमी शाळा पाहा मास्तर. गावाची इज्जत आमी पाहतो.”

चावडीतली माणसं हासली. रिकामा हंडा पावण्याच्या नजरंला पडू नये, ही आपली जुनी रीत. घरात दाणा नसला तरी चूल पेटवून धूर काढणारी माणसं आपण.

दुसऱ्या दिशी भगवानराव बैलगाड्या घेऊन वाड्यात आले. गाड्यांवर टिपाडं. सरजाबाई इहिरीवरच हुती.

“पेयाला न्यायलाव का, पाटील?”

“न्हाई माय. गावच्या इहिरीत ओतायचंय. दोन दिसांची तर गोष्ट.”

“पेयाला न्या. उभ्या गावाला न्या, मी आडवी येणार न्हाई. पर खोटं दावायला आमचं पाणी न्हाई.”

“पंचायतीचा ठराव हाय, सरजाबाई.”

“ठराव करताना वाड्याला इचारलं का?”

भगवानरावांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली, आन् गाडी पुढं घेतली. दोन दिस मोट चालावी तसं पाणी उपसलं. सरजाबाई दोनी दिस काठावर बसून हुती.

कमिटी आली. रस्त्यावर सडा, शाळंला आंब्याचे डहाळे, केवड्याचं सरबत. अध्यक्षसाहेबांनी मोठ्या इहिरीत वाकून पाहिलं, तर खाली त्यायचंच तोंड दिसलं.

“वा! ऐन उन्हाळ्यात इतकं पाणी!”

भुजंग मास्तर म्होरं झाले. “साहेब, हे टिपाडानं आणून ओतलेलं हाय. खरी इहीर पाहायची तर चार दिसांनी या.”

“काय सरपंच, खरं का?”

भगवानराव हासले. “मास्तरला थट्टेची सवय हाय, साहेब. चला, ताटं वाढलेत.”

साहेब शहाणा माणूस. त्यानं गावाकडं वळून इचारलं, “तुम्ही सांगा, मंडळी. पाणी इथलंच आहे ना?”

दोन-अडीचशे माणूस उभं हुतं. तळाला उतरून गुडघे सोलून घेणाऱ्या बाया तिथंच, डोक्यावर पदर घेऊन. एकानं तोंड उघडलं न्हाई! पावण्याम्होरं सरपंचाला खोटं पाडायचं कसं? अरं, एक शब्द! एका शब्दानं काम झालं असतं!

न्हाई झालं. पाण्याची अडचण न्हाई, अशा कागदावर भगवानरावांनी सही केली, आन् मोटारी गेल्या.

चार दिस सरायच्या आत ओतलेलं पाणी मोठ्या इहिरीच्या भेगांनी पिऊन टाकलं. कुठं गेलं, तेच तर शोधायचं हुतं! तिकडं वाड्याच्या इहिरीत निस्ता चिखल ऱ्हायला. झरा इतका दमला की एका घागरीला सकाळची दुपार व्हायची.

पावसाळ्याच्या तोंडाला बातमी आली, कायदा मागं ठिवला. पाहिलेल्या गावात गरज दिसली न्हाई. भगवानराव मास्तरला घेऊन परभणीला गेले. तिथल्या कारकुनानं कागद काढून दावला. “सही तुमचीच ना? आणि तुम्हीच एकटे नाही. निम्म्याहून जास्त गावांनी असंच पाणी भरून ठेवलं होतं, ते आता येऊन सांगतात.”

 भगवानराव गावात आल्यावर सरळ वाड्यात गेले. सरजाबाई बोचकं बांधायली हुती. लेक सोनपेठकडं दिलेली, गंगेच्या, म्हंजी गोदावरीच्या, काठाला. आदी चार घरं गेलती, हे पाचवं.

“माय, चुकलो मी. ऱ्हा. मव्ह्या गाडीनं तुला रोज पाणी आणून देतो.”

“कुठून आणाल?”

भगवानराव वाड्याच्या इहिरीवर गेले, आन् वाकून तळ पाहू लागले.

ती म्हणली, “पाटील, आमच्या इहिरीवर तुमी जलमात पहिल्यांदा आलात. ते बी ती रिकामी करायला.”

आन् गेली. मास्तर तिचं बोचकं घेऊन फाट्यापर्यंत गेले. भगवानराव तिथंच, कोरड्या काठावर, पागोटं काढून बसले.

आता ते दर अमुशाला गावातली हरेक इहीर, वाड्याची बी, चारचौघात दोर सोडून मोजतेत. मास्तर लिवतेत. खाली भगवानरावांची सही, आन् कागद विद्यापीठाला, मुंबईला. जवाब आजून एक न्हाई. कायदा तिथंच पडून हाय. वाड्यात आता अकरा घरं ऱ्हायलीत.

भौ, सरकारनं केलं न्हाई मून आपण बोंब मारतो. पर ते इचारायला आलं तवा आपण काय दावलं? आपली नड झाकली की ती दुसऱ्याच्याच उरावर बसती, आन् तो दुसरा कायम आपल्याहून गरीब असतो.

ती पाहा, एस्टी यायली. एक काम कराल का मव्हं? घरी गेलात की तुमच्या इहिरीत दोर सोडा. जितकं पाणी असल तितकंच एका कार्डावर लिवा, आन् परभणीला विद्यापीठात टाका. कमी असलं तर कमी लिवा. लाजू नका.