दुसरे बटण

मित्रांनो, मी एक जुना लष्करी कोट आहे. पण दचकू नका, बंदुकीची गोळी मी कधी पाहिलेली नाही. एका शिंप्याने जाड ब्लँकेटमधून मला नाटकासाठी शिवले आणि नवाकोरा दिसू नये म्हणून दगडाने घासले. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. पुढे टाळ्या ऐकू येऊ लागल्या आणि राग कुठल्या कुठे पळाला.

नाटक फार जुने, युद्धाच्या विरोधातले. मुलगा लढाईत मरतो आणि आईकडे त्याचा नुसता कोट परत येतो. तो कोट म्हणजे मी. आईचे काम करणाऱ्या नटीला सगळे बाई म्हणत. शेवटच्या प्रवेशात बाई माझ्या खिशातून माझेच तुटलेले, वरून दुसरे बटण काढत आणि एक शब्दही न बोलता ते शिवत बसत, जणू मुलगा आता येऊन कोट मागणार आहे. सुई तीच, प्रवेश तोच, तरी दर वेळी माझ्या अस्तरापर्यंत काहीतरी हलत असे. अशी नटी लाखात एक! या प्रवेशासाठी प्रत्येक प्रयोगाआधी कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी ते बटण कापून खिशात टाकत.

पुढे बाईंचे गुडघे कुरकुरू लागले. त्यांच्या शेवटच्या प्रयोगाचे चित्रीकरण करायचे ठरले. थिएटर एकाच दिवसासाठी मिळाले होते. बिघडले तर बाईंचे काम पुन्हा कुणालाच दिसणार नव्हते.

त्या दिवशी मावशी बटण कापून चहाला गेल्या. तेवढ्यात चित्रीकरणवाल्यांची कपडे पाहणारी ताई आली.

"अय्या, बटणच नाही! कॅमेऱ्यात केवढं दिसेल ते!"

तिने खिसे चाचपून बटण शोधले आणि दुहेरी दोऱ्याने पक्के लावून टाकले. बिचारीचा हेतू चांगलाच होता. मला तोंड असते तर ओरडलो असतो, पण कोटाला नुसत्या बाह्या असतात.

शेवटचा प्रवेश आला. बाईंनी खिशात हात घातला. खिसा रिकामा! विंगेत मावशींनी कपाळाला हात लावला. बाईंची बोटे माझ्यावरून सरकत बटणापाशी थांबली. त्यांनी ते ओढून पाहिले. मग सुई खाली ठेवली.

"शिवून घेतलंस होय रे?" त्या हळूच म्हणाल्या. "मग आता आईला काय काम ठेवलंस?"

हे वाक्य नाटकात नव्हते. बाईंनी मला उराशी धरले आणि पडदा पडला, तरी कुणी टाळी वाजवेना. कॅमेरावाले दादा डोळे पुसत होते.

ताई रडवेली होऊन माफी मागायला आली, तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, टाके छान घातलेस. राहू देत तसेच."

आता मी कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात असतो. बाईंचा तो प्रयोग मात्र शाळाशाळांतून दाखवतात. मला कसर लागू देऊ नका, असे तुम्हाला सांगणार होतो. पण माझे जाऊ द्या मित्रांनो, कोट दुसरा शिवता येतो. तुम्ही मोठे व्हाल, दूर जाल. कोणाचाही कोट एकटा घरी येणार नाही, असे जग सांभाळा. आणि स्वतःचा कोट अंगात घालून घरी या. बटण तुटलेले असले तरी चालेल.