कोंबडीत उतरलेला लकवा

घोटीच्या आठवडे बाजारात त्या दिवशी तांदूळ, भाजी, भांडी सगळं सोडून गर्दी एका कोंबडीभोवती जमली होती. कोंबडी साळूबाईची, लकवा साळूबाईच्या नवऱ्याचा, आणि आवाज कुक्कुटनाथ महाराजांचा.

"लकवा म्हंजे वारा! वाऱ्याला ऱ्हायला घर लागतं. चल रे वाऱ्या, मोतीरामाचं घर खाली कर अन् ह्या कोंबडीत बिऱ्हाड मांड!"

महाराजांनी कोंबडी उताणी घातली, मान दाबून धरली, चोचीपुढे भस्माची रेघ ओढली आणि हात काढून घेतला. कोंबडी पाय वर करून ताठ झाली.

"उतरला! मोतीराम, उचल डावा हात!"

मोतीरामने हात थेट कानापर्यंत नेला. बाजार गरजला. ज्याची कंबर धरलेली तो कंबर धरूनच कोंबडी आणायला पळाला.

आता खरं सांगायचं तर तो हात आदल्या दिवशीही कानाला लागला असता. जीपच्या टपावरून पडून मोतीरामच्या डोक्याला मार बसला आणि डावी बाजू गेली. नाशिकच्या दवाखान्यात ज्योत्स्नाबाई फिजिओथेरपीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी साळूबाईला शिकवलं होतं: गोधडीवर निजवायचं, हात आपल्या दोन्ही तळव्यांवर घ्यायचा आणि हळूच फिरवायचा. दुखेल तिथे थांबायचं. "जोर नको. मेंदू वाट विसरलाय, त्याला सावकाश दाखवायची."

साळूबाईने पावसाळाभर ते केलं. पण त्यात ना सुई, ना गोळी, ना धूर. शेजारची भिमाबाई हसायची, "नवऱ्याला पाळण्यात घाल की आता!" त्यामुळे बाजारात हात वर गेला तेव्हा तो तिथवर कुणी आणला, हे साळूबाई स्वतःच विसरली.

महाराजांनी पथ्य सांगितलं, "हात हलवशील तर लकवा परत येईल!" हात काळ्या फडक्याने छातीशी बांधला. लकवा झालेली कोंबडी मोकाट फिरू नये म्हणून त्यांच्याकडेच राहिली. संध्याकाळी झोपडीतून रश्शाचा वास आला, तेव्हा त्यांचा चेला केरू गंभीरपणे म्हणाला, "महाराज लकवा पचवत्यात."

महिना झाला तरी मोतीराम दवाखान्यात आला नाही, म्हणून ज्योत्स्नाबाई बाजाराच्या दिवशी स्वतःच घोटीला आल्या. त्यांनी फडकं सोडलं. बोटं मुठीत आवळलेली. हात छातीपासून हलेना. मोतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, कानापत्तुर जायचा ओ."

साळूबाई नवऱ्याला आणि बाईंना घेऊन तडक बाजारात गेली.

"तूच हलवला आसंल!" महाराज डाफरले. "दुसरी कोंबडी आण."

ज्योत्स्नाबाईंनी विचारलं, "लकवा डाव्या हाताचा. मग कोंबडीचे दोन्ही पाय का ताठ होतात?"

"कोंबडीला हात नसत्यात, बाई."

लोकांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

ज्योत्स्नाबाई नांदगावकडच्या, अंगणात कोंबड्या पाळलेल्या घरातल्या. त्यांनी विकायला आलेली एक कोंबडी उचलली, उताणी घातली, क्षणभर दाबून सोडली. रेघ नाही, भस्म नाही, रोगी नाही. कोंबडी ताठ.

"हा लकवा कुणाचा?"

गर्दी दोन पावलं मागे सरली आणि जो तो आपापले हात झटकून पाहू लागला. भिमाबाईने तर त्यांच्या पायांवर लोटांगणच घातलं. "ज्योत्स्नामाता! माझा गुडघा!"

"अहो, उठा! माता कसली? साळूबाई, तुम्ही करा बघू."

साळूबाईने दाबलेली कोंबडीही ताठ झाली. मग भिमाबाईची. मग ज्याच्या हातात कोंबडी होती त्याची. सगळी ओळ आभाळाकडे पाय करून पडली.

"कोल्ह्याने धरलं की ती अशीच घाबरून थिजते," बाई म्हणाल्या. "एवढंच आहे ते." आणि त्यांनी टाळी वाजवली.

सगळे लकवे एकदम उठले आणि कलकलाट करत कोथिंबिरीतून पळाले. केरू सवयीने त्यांच्यामागे धावला. महाराजांना मात्र इगतपुरीची जीप मिळाली, टपावर का होईना.

"बाई, ह्यांचा हात बी उठंल का टाळीनं?" साळूबाईने विचारलं.

"नाही. तुमच्या हातांनी उठेल. वेळ लागेल, आणि पूर्ण उठेल असा शब्द मी देत नाही."

साळूबाईने तिथेच गोणपाट अंथरलं आणि नवऱ्याची मूठ तळव्यावर घेतली. लोक काही होईल म्हणून थांबले. काहीच होईना, तशी गर्दी पांगली. खूप वेळाने मोतीराम म्हणाला, "थांब. आंगठा सुटला जरा."

तुमच्या गावात असा कुणी आला, तर कोंबडी देण्याआधी त्याला एवढंच म्हणा: रोग्याला बाजूला बसवून हेच करून दाखव. आणि बरा झालेला हात बांधून ठेवायला कुणी सांगितलं, तर का, ते विचारा. विचारल्याने देव कोपत नाही.

होळीच्या सुमारास मोतीरामने डाव्या हाताने कोंबड्यांना तांदळाची कणी टाकली. अर्धी त्याच्याच पायांवर पडली. कोंबड्या तिथे आल्या.