चिंचखारची फेरी

उन्हाळा लागला की मी माझी होडी बाहेर काढतो. फायबरची हाय, मागं इंजिन, वर निळ्या ताडपत्रीची सावली. मासळीसाठी घेतली नाय, फिरायला घेतली. पेणच्या खाडीत भर उन्हात होडीनं फिरायची हौस म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय, असं माझी बायको सरू म्हणते, आणि ती काय चुकीचं बोलत नाय.

मी फिरतो ते आमच्या गावावरून. चिंचखार. बांध फुटला आणि गाव, भातखाचरं, सगळं खाडीनं घेतलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. उंचवटे तेवढे राहिले, त्यांची बेटं झाली. एक देवळाचं, एक शाळेचं, एक मसणवट्याचं. बाकी नुसतं तिवरांचं रान. माणसं पांगली, कोण पेणला गेलं, कोण डोलवीला. वैशाखातल्या अमावास्येला भरती मोठी असते, तेव्हा मी त्यांना बेटाबेटांवरून फिरवून आणतो. कुणाकडनं पैसा घेत नाय. म्हाताऱ्या बायका माझ्या तोंडावरनं हात फिरवतात आणि कमळाकर म्हणजे देवमाणूस म्हणतात. तेव्हा वाटतं, होडी तिथंच उलटी करावी.

कारण बांध माझ्यामुळं फुटला.

बांध सगळ्या गावाचा, पण राखायचा ज्यानं त्यानं. घरटी वाटा ठरलेला, खुंट मारलेले. तुझ्या दोन खुंटांच्या मधे खेकड्यानं भोक पाडलं तर ते तूच चिखलानं बुजवायचं, नायतर उधाणाचं पाणी तिथनंच आत घुसतं आणि बांध कापत नेतं. नारळी पुनवेच्या सकाळी माझ्या वाट्यात करंगळीएवढी धार लागलेली मी या डोळ्यांनी बघितली. टाचेनं थोडा चिखल दाबला. मला हमरापूरला मुलगी बघायला जायचं होतं, अंगावर नवी प्यांट होती, ती मळली असती. म्हटलं, आल्यावर बघू.

मुलगी कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवत बसली होती. ती ही सरू. तिचा बाप जेवून जा म्हणाला, मी जेवायला बसलो. आणि इकडं दुपारच्या भरतीला बांध गेला.

माझा वाटा गेला, शेजारचा गुणाजीदादाचाही गेला. सुरुवात कुठनं झाली ते कळायला खुंटसुद्धा राहिला नाय. गुणाजीदादा एकटाच तिथं कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गोणपाटं दाबत होता. लोक धावत आले तेव्हा त्यांना तोच दिसला. आठ दिवसांनी देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. मला विचारलं. मी म्हटलं, "माझा वाटा सकाळीच बघितला होता, धड होता." एवढंच बोललो. गुणाजीदादा माझ्याकडं बघत राहिला, पण तोंडातनं शब्द काढला नाय.

त्या दिवसापासून तो गाव बुडवणारा झाला. बायकापोरांना घेऊन रोह्याकडं निडीला सासुरवाडीला गेला. पोरगा पुंडलिक, तेव्हा आठ वर्षांचा. सतराव्या वर्षी बापाला म्हणाला, तुझं नाव लावायची मला लाज वाटते, आणि घर सोडून गेला तो गेलाच. गुणाजीदादा आठ वर्षांमागं वारला. सरूला यातलं काय ठाऊक नाय. कुणालाच नाय.

यंदा निडीहून जनीवहिनी आली, गुणाजीदादाची बायको. पहिल्यांदाच. बाकीच्यांना मी अकराला बोलावलं होतं, तिला दहाला. मुद्दाम. यंदा सांगायचंच म्हणून ठरवलं होतं.

होडीत ती पदर सावरून बसली, पिशवी मांडीवर. शाळेचं बेट आलं तेव्हा म्हणाली, "पुंडलिक हितंच दुसरीत होता." देवळापाशी हात जोडले. बांध फुटला होता तिथं मी इंजिन बंद केलं. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. ती धार, ती प्यांट, हमरापूर, बैठकीतलं खोटं. सांगताना रडलो, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता ही मला शिव्या घालेल, थोबाडीत मारेल, आणि मग मी मोकळा होईन.

वहिनी पाण्याकडं बघत होती. म्हणाली, "मला ठाऊक हाय, भावजी."

"कसं?"

"यांनी ती धार बघितली होती. तुमी गेल्यावर तुमचाच वाटा बुजवत होते तिथं. बैठकीत बोलले नाय, म्हणाले, कमळाकरची नवी सोयरीक जुळतेय, मोडायला नको. आज ना उद्या तो आपणहून सांगेल. शेवटपर्यंत तेच धरून बसले. मला शपथ घातली होती."

मी म्हटलं, "वहिनी, मला माफ कर."

"माझ्या माफीचं काय करता? धक्क्यावर आता सहा घरांची माणसं उभी असतील. त्यांना सांगा. ती दहा जणांना सांगतील. माझ्या तोंडचं कोण खरं मानणार, नवऱ्याची बाजू घेते म्हणतील. तुमी बोललात तर फिरत फिरत पुंडलिकाच्या कानावर जाईल, जिथं असेल तिथं. बाप तसा नव्हता एवढं त्याला कळलं तर येईल तो. मी अजून हाय तवर येईल."

"सांगतो," मी म्हटलं. "आईशपथ सांगतो."

धक्का येईपर्यंत मनात तेच घोकत होतो. काळुरामदादा होता, विमलबाई होती, सरूही सगळ्यांना पाणी देत उभी होती. वहिनीला हात देऊन वर चढवलं. ती बाजूला जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघू लागली. काळुरामदादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाकीच्यांना म्हणाला, "ह्या पोरामुळं गावाचं दर्शन होतंय. नायतर आपल्याला कोण आणणार होतं?" सरू हसत होती. नवऱ्याचं कौतुक तिला आवडतं.

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, देवाची आण.

"चला, बसा लवकर," मी म्हटलं. "मग पाणी उतरेल."

सगळे होडीत चढायला लागले. विमलबाईला हात देता देता मी वर बघितलं. जनीवहिनी आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं पिशवी काखोटीला मारली आणि रोह्याची एसटी धरायला उन्हातनं चालायला लागली.