सीलबंद भाकीत

ज्योतिष्याने पट्टीची कड घालून पाकीट फोडलं आणि आतला कागद उभा धरून वाचला. टेबलापलीकडची बाई कागदाच्या पाठीकडे बघत राहिली.

ज्योतिषी हे त्याचं प्रयोगशाळेतलं टोपणनाव. एरवी तो गणिताचा माणूस. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे स्कॅन त्याच्याकडे येत. रक्त भिंतीला कुठे कसं घासतं ते कॉम्प्युटर मोजायचा आणि चरबीचा थर कुठे किती वाढेल हे तीन वर्षं आधी सांगायचा. सांगायचा म्हणजे पाकिटाला! भाकीत छापून सीलबंद करायचं, तीन वर्षांनी पेशंटचा नवा स्कॅन काढायचा आणि मगच पाकीट उघडून दोन्ही ताडून बघायचे, असा नियम होता. मधल्या काळात पेशंटला नाही, डॉक्टरला नाही, कुणालाच काही कळवायचं नाही. कॉम्प्युटर खरा की खोटा हेच अजून ठरायचं होतं, मग उगाच कुणाच्या जिवाला घोर कशाला?

बाईचा नवरा त्या यादीत होता. त्याने तीन वर्षं काही भरली नाहीत. महिन्यापूर्वी, दोन वर्षं होतात न होतात तोच, तो जिन्यात बसला तो उठलाच नाही. संमतीपत्राची प्रत त्याच्या खणात सापडली, त्यावरच्या पत्त्यावर बाई आली होती.

"पाण्याचा पंप बिघडला होता हो," ती म्हणाली. "सकाळपासून म्हणत होते, छातीत जळजळतंय. मी म्हटलं, कामाच्या वेळी बरं जळजळतं तुम्हाला! नाटकं पुरे, उचला बादल्या. तिसरा मजला आमचा. चार खेपा केल्या त्यांनी. पाचव्या खेपेला..."

तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"सासूबाई म्हणतात, माझ्या लेकाला तू मारलंस. मुलगी काही बोलत नाही, नुसती बघते. मला एवढंच सांगा. मी त्यांना उठवलं नसतं, तर ते आज असते का?"

कागदावर तीनच ओळी होत्या. डावी मोठी रक्तवाहिनी तीस टक्के अरुंद. तीन वर्षांनी अडतीस. धोका कमी. बाईने आणलेल्या हॉस्पिटलच्या अहवालात हीच वाहिनी पूर्ण बंद झालेली होती. कॉम्प्युटर सपशेल तोंडावर आपटला होता. आणि बाईच्या प्रश्नाचं उत्तर तर त्याच्याकडे कधीच नव्हतं. पाण्याच्या बादल्या त्याच्या कुठल्याच समीकरणात नव्हत्या. खरं बोलायचं तर 'मला माहीत नाही' एवढंच बोलता आलं असतं. ते घेऊन ही बाई त्या घरात परत जाणार होती. त्याला तिची फार कीव आली.

"नसते," तो म्हणाला. "ती वाहिनी बंद पडणारच होती. झोपून राहिले असते तरी. कॉम्प्युटरनं तसंच सांगितलंय."

बाई रडली. चांगली आवाज करून रडली. त्याने कागद खणात टाकला आणि ती थांबेपर्यंत खिडकीबाहेर बघितलं.

"लिहून द्या," डोळे पुसत ती म्हणाली. "घरी माझ्या शब्दाला कवडीची किंमत नाही."

आता माघार कशी घ्यायची? त्याने लिहिलं, सही केली. कागदाला वजन यावं म्हणून पाकिटावरचा नंबर आणि भाकिताची तारीखही घातली. बाईने ओठ हलवत सगळं वाचलं आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"ही तारीख कसली?"

"भाकिताची."

"ही तर दोन वर्षांपूर्वीची आहे."

त्याने पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे तेव्हापासून हे तुमच्या कपाटात होतं?"

'कागदावर धोका कमी असंच होतं', एवढ्या एका वाक्यात तो सुटला असता. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण ते ऐकून तिच्या हातात पुन्हा त्या बादल्या आल्या असत्या.

"हो," तो म्हणाला. "होतं."

"एक फोन करायला काय झालं होतं? मी त्यांना बादलीला हात तरी लावू दिला असता का?"

"नियम होता," तो म्हणाला.

बाईने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि त्याच्याकडे न बघता उठली. दार तिने ओढून घेतलं नाही. व्हरांड्यात तिने फोन लावला. तिचा आवाज आता स्वच्छ होता आणि चांगला मोठाही.

"अहो आई, मी नाही मारलं त्यांना. ज्यानं मारलं, त्याच्या सहीचा कागद घेऊन येतेय."