वाहत्या पाण्यातले कुंपण

माजलगाव धरणाच्या फुगवट्यात सिंदफणा जिथे शिरते, तिथे हिवाळ्यातही पाणी सरकत असते. मंगलने त्या जागी बांबू रोवून जाळ्याचे कुंपण घातले होते. मच्छीमार सोसायटीचे रोहू आणि कटले वाढत ते उसाच्या बाजूच्या संथ पाण्यात. तिथे मासा लवकर भरे, पण त्याच्या मांसाला चिखलाचा वास लागे. म्हणून मंगल आपल्या वाट्याचा मासा दोन दिवस वाहत्या पाण्यात उपाशी ठेवी. वास निघून जाई. थोडे वजनही जाई.

त्या वर्षी हैदराबादचा व्यापारी बर्फाचा टेम्पो घेऊन आला. सगळा मासा रोज उचलीन म्हणाला, मात्र जाळ्यातून थेट बर्फात, आणि कोणाचाही मागे राहता कामा नये. सोसायटीने होकार दिला. चेअरमन अजिनाथ हा मंगलचा दीर. कुंपण काढले नाही तर सभासदत्व आणि सोसायटीची होडी दोन्ही जातील, असे त्याने आदल्या दिवशीच बजावले होते.

सकाळी टेम्पो काठावर उभा राहिला. मंगलचा मासा अजून कुंपणातच होता.

"वैनी, माशाला कशापायी उपास? एकादशी हाय का त्येची?" अजिनाथ म्हणाला. काठावरचे हसले.

"असंल. तुमच्यापरीस बरी पाळतो," मंगल म्हणाली.

अजिनाथ समजावू लागला. एवढ्या लांबच्या शहरात मासा कोणत्या पाण्यातला हे कोण विचारत बसणार? मंगलला तिचा मासा घेणारा मांजरसुंब्याचा ढाबेवाला सुग्रीव आठवला. कुंपण नव्हते तेव्हा ट्रकवाल्यांनी ताटे सरकवली होती, आणि मासा विकता की गाळ, असे सुग्रीवने तिला सर्वांदेखत विचारले होते. आता तेच ट्रकवाले धरणाचा मासा मागून खात.

"खानारा तुमचं नाव घेनार न्हाई, भाऊजी," ती म्हणाली. "माजलगावचा मासा घान, आसं म्हनंल. माज्या हातनं तसला मासा जानार न्हाई."

अजिनाथने विळा उचलला आणि जाळ्याच्या दोऱ्या कापायला तो होडीकडे वळला. होडीत मंगलचा नवरा उत्तरेश्वर बसला होता. तो उठला, पाण्यात उतरला आणि त्याने होडीचा दोर धाकट्या भावाच्या हाती दिला.

"होडी सोसायटीची हाय, अज्या. घेऊन जा. पर कुंपनाकडं वळवू नको."

टेम्पोने हॉर्न दिला. मग अजिनाथने होडी काठाकाठाने ओढत नेली, आणि इतरांचा मासा घेऊन टेम्पो निघून गेला.

होडीवाचून कुंपणापर्यंत जायचे म्हणजे छातीभर गार पाणी. दुसऱ्या दिवशी उजाडताच मंगलने लुगड्याचा काचा घट्ट खोवला, रिकामी पाटी डोक्यावर उपडी घातली आणि ती पाण्यात शिरली. तिच्या मागोमाग उत्तरेश्वरही.