सविता विहिरीत गेली

आमच्या वस्तीवर 'आप्पा विहिरीत गेलेत' असं कुणी म्हटलं, की ऐकणारा विचारतो, मोटार बिघडली का? 'अमक्याची सून विहिरीत गेली' म्हटलं, की कुणी काही विचारत नाही, अनवाणी पळत सुटतात. चौदा वर्षं मी इथली अंगणवाडी चालवते, वस्तीतला जन्म-मृत्यू माझ्या रजिस्टरातून जातो. पुरुष विहिरीत गेले ते मोटार काढायला, गाळ उपसायला, पोरांना पोहायला शिकवायला, आणि सगळेच्या सगळे वर आले. बायका गेल्या पाच. त्यांना वर आणावं लागलं.

तळेगाव ढमढेऱ्यापासून चार किलोमीटरवरची ही वस्ती. विहीर आमची आणि थोरल्या दिरांची, पोपटरावांची, सामायिक. सहा परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक पुरुष. खोलीचं मापसुद्धा पुरुषातच.

माझी स्नेहल नेव्हीत अग्निवीर म्हणून लागली, तेव्हा घरी अभिनंदनाला त्रेसष्ट माणसं आली. ती पहाटे रस्त्यावर पळायची आणि मी हातात मोबाईल धरून वेळ मोजायचे, तेव्हा 'पोरीला काय जत्रंत पळवायचीय का?' असं विचारणारी त्यांतली एकेचाळीस. पोपटरावांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर सतरा चेहरे, सतरावा स्नेहलचा. मी म्हटलं, असू दे, दिसतोय तरी.

सोळा आठवड्यांचं ट्रेनिंग, तिकडं ओडिशात, चिल्क्याला. रविवारी दहा मिनिटं फोन. पाचव्या आठवड्यात फोन आला तो असा :

“आई, पोहण्यात नापास झाले. दोनदा.”

“येत न्हाई का अजून?”

“पोहायला येतं गं. शिकवलं त्यांनी. उंच फळीवरनं उडी मारायची असती, ती होईना. टोकाला जाते आन् पाय खिळतात.”

“भीती वाटती?”

“भीती न्हाई.” ती थांबली. दहा मिनिटांच्या फोनात पोरगी थांबते, म्हणजे पुढचं वाक्य महाग पडणार. “टोकाला गेले की तुझा आवाज येतो. ‘स्नेहले, मागं हो.’ आन् मी मागं होते.”

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

“बाकीच्या पोरींनी सगळ्यांनी मारली,” ती म्हणाली. “पंधरा दिवसांनी शनिवारी तिसरा चान्स हाय. न्हाई झालं तर मागच्या बॅचला टाकतील. तिथंबी न्हाई झालं, तर घरी.”

घरी म्हणजे काय, ते तिला आणि मला दोघींना माहीत होतं. कासुर्डीचं एक स्थळ पोपटरावांच्या खिशात घडी घालून तयार होतं.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मे महिना. पोपटराव आपल्या पप्पूला पोहायला शिकवत होते. पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधलेली पाच पोरं पाण्यात, आणि काठावर फ्रॉक खोचून उभी स्नेहल. कुठून तरी दोन डबे मिळवून तिनं स्वतःच्या पाठीला बांधले होते. मी अंगणवाडीतून येत होते. लांबूनच ओरडले, “स्नेहले, मागं हो!” पोरगी मुकाट मागं झाली. तरी मी तिला वेणी धरून घरापर्यंत ओढत नेली, दोन ठेवून दिल्या आणि सांगितलं, पुन्हा काठावर दिसलीस तर तंगडं मोडीन.

का, तर त्याच्या आदल्या महिन्यात शेजारच्या सोजरबाईच्या सुनेला वर काढताना दोराला माझाही हात होता. कारण खरं आहे. पण पोरीला मी कारण सांगितलं नाही, मार दिला. सांगण्यापेक्षा मारायला वेळ कमी लागतो.

त्या संध्याकाळी पोपटराव सासूबाईंना म्हणाले, “आई, तिला सांग, आई असावी तर अशी.” थोरले दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाहीत, अशी आमच्यात रीत. मी समोर उभी असले, तरी माझ्यासाठीचं बोलणं सासूबाईंच्या पत्त्यावर पडतं. त्या कौतुकानं मी तेव्हा चांगली फुगले होते. तेच कौतुक आज आठवलं, आणि तोंडात आळणी पिठलं फिरावं तसं झालं.

फोन ठेवल्यावर राग कुणावर काढायचा, याची मी मनात यादी केली. पोपटराव. सासूबाई. आमचे हे, ज्यांनी त्या दिवशी सगळं पाहून जेवण मागितलं. यादी चांगली होती. पण फळीच्या टोकावर पोरीला ह्यांच्यापैकी कुणाचाच आवाज येत नव्हता.

नापास झाल्याची बातमी भिंतीपलीकडं गेलीच. संध्याकाळी पोपटराव ओट्यावर येऊन बसले. “आई, तिला सांग, पोरीला परत आणा म्हणावं. पाण्यात जायची आपल्या पोरींची रीत न्हाई. कासुर्डीवाले अजून थांबलेत.”

“चहा घेणार का, इचारा आत्याबाई,” मी म्हटलं. भांडण मला तेव्हा करायचं नव्हतं. तो राग मला दुसरीकडं लागणार होता.

सोमवारी अंगणवाडीत खिचडी ढवळता ढवळता मी अंजनाला सगळं सांगितलं. अंजना माझी मदतनीस. माहेर दौंडकडं, भीमेच्या काठावर, बापाची मासेमारी.

“फळीवरनं काय, आम्ही होडीवरनं मारायचो,” ती म्हणाली. “नदी पोहून पलीकडं बोरं आणायला जायचो.”

मी डाव खाली ठेवला. “तुला पोहायला येतं? चौदा वर्षांत बोलली न्हाईस?”

“तुमी इचारलं कवा? माझा फॉर्म तुमीच भरला की. शिक्षण लिवलं, जात लिवली. पोहण्याचा रकाना कुठं हुता?”

“मला शिकव.”

“तुमाला? पोरगी तिकडं, तुमी हितं पोहून काय करणार?”

“तिच्या कानात बसलेली बाई मी हाय, अंजना. ती बाई काठावर उभी राहून वराडती. तिला आधी पाण्यात घालायचीय.”

अंजना म्हणाली, “पंचेचाळीशीला अंग लाकूड झालं असंल. पर लाकूड तरंगतं.”

दुपारी अडीचला वस्ती झोपते. तीन दिवस आम्ही विहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात गेलो, कुणाला पत्ता लागला नाही. अंगात स्नेहलची जुनी ट्रॅकपॅन्ट, पाठीला दोन डबे. अंजना हनुवटी धरायची, मी पाय झाडायचे आणि पाणी प्यायचे. चौथ्या दिवशी सासूबाई, झुंबरबाई, शेळी सोडायला आल्या आणि त्यांना काठावर माझी घडी घातलेली साडी दिसली. शेजारी चपला, जोडीनं ठेवलेल्या.

त्यांची किंकाळी आम्हाला पाण्यात ऐकू आली. “आरं धावाऽ! सविता विहिरीत गेलीऽ!”

पाच मिनिटांत काठावर बावीस माणसं. एकाच्या हातात दोर, दोघांच्या हातात बाज, तिघांच्या हातात मोबाईल. आमच्या ह्यांना रांजणगावच्या कंपनीत फोन गेलासुद्धा. सगळ्यांनी एकदम खाली वाकून बघितलं. खाली मी आणि अंजना, दोघी पायरी धरून वर बघतोय.

“काय झालं?” अंजनानं विचारलं. “कोण पडलं?”

माणूस जिवंत आहे म्हटल्यावर निदान आनंद व्हावा, पण बाज परत उचलून नेणाऱ्यांची तोंडं अशी, की जणू जेवायला बोलावून वाढलंच नाही. सासूबाई मात्र कठड्याला धरून रडत होत्या. त्यांचं तेवढं माझ्याकडं जमा आहे.

अर्ध्या तासानं पोपटराव आले, तोवर आम्ही परत पाय झाडायला लागलो होतो. त्यांनी बघितलं आणि कपाळाची शीर उडायला लागली.

“आई, तिला सांग, मुकाट्यानं वर ये म्हणावं!”

सासूबाई नाक पुसत वाकल्या. “वर ये म्हनत्यात.”

“ऐकलं, आत्याबाई. विहीर हाय, घुमतं.”

“आई, तिला सांग, हे पिण्याचं पाणी हाय!”

“दर उन्हाळ्यात पाच पोरं ह्यातच मुतली, तवा काय सरबत झालं हुतं का, इचारा.”

मागं कुणी तरी फिसकन हसलं. पोपटरावांनी वळून बघितलं, तर सगळे आभाळाकडं बघायला लागले.

“ह्या विहिरीत माझा अर्धा वाटा हाय!”

“मग आम्ही आमच्या अर्ध्यात हाय. रेघ मारून द्या, पलीकडं पाय लावणार न्हाई.”

आता अंजनालाही हसू आवरेना. इथपर्यंत माझीही करमणूकच चालली होती. पण पोपटराव कठड्याला टेकले आणि आवाज खाली आणून बोलले. “आई, तिला इचार, पोरीला वेणी धरून ओढली तवा शहाणी हुती. आता काय येड लागलं?”

थंड पाण्यात असताना अंगाला घाम फुटतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी पायऱ्या चढून वर आले. लोकांना वाटलं, ऐकलं. एका बाईनं साडी पुढं केली, ती मी बाजूला केली आणि कठड्यावर चढले. तेवढ्यात गाडीचा आवाज झाला. आमचे हे कुणाच्या तरी मागं बसून आले होते, पायात कंपनीचे बूट, गळ्यात ओळखपत्र, तोंड पांढरंफटक. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. वस्ती वाट बघत होती, आता एक कानफटात बसणार.

ते जवळ आले, पाठीवरच्या डब्यांना हात घातला आणि म्हणाले, “गाठ ढिली हाय.” आणि आवळून बांधली. चोवीस वर्षांच्या संसारातलं त्यांचं हे सगळ्यात लांब भाषण.

मी पोपटरावांकडं वळले. सासूबाईंना मधे न घेता पहिल्यांदाच बोलले.

“आप्पा, तवा तुम्ही शाबासकी दिली आन् मी घेतली. तीच माझी चूक. घ्या परत.”

खाली बघितलं. पाणी दीड परस खाली, काळं. पाय खिळले. पोरीला तिथं काय होतं, ते मला तेव्हा कळलं. समजूत, हिंमत, देवाचं नाव यातलं काहीच त्या वेळी कामाला येत नाही. पोपटरावांचं तोंड मात्र डोळ्यांसमोर होतं, आणि त्याच्याही मागं माझं, दहा वर्षांपूर्वीचं, फुगलेलं. त्या तोंडावरच उडी मारली.

उडी कसली, पोत्यासारखी पडले. पोट भाजलं, नाकातून पाणी मेंदूपर्यंत गेलं, एक डबा सुटला. वर आले तेव्हा अंजनानं माझा अंबाडा मुठीत धरला होता आणि ती शिव्या देत होती. काठावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर मोजणी केली, बावीसपैकी एकवीस माणसांनी घरी जाऊन मला वेडी ठरवलं. पोपटरावांनी सासूबाईंमार्फत बोलणंही बंद केलं.

रविवारी फोन आला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं पोरगी रडेल, म्हणेल, आई, माझ्यासाठी एवढं केलंस!

“आता?” ती म्हणाली. “आता मारलीस व्हय उडी?”

“स्नेहल, चुकलं माझं...”

“मी डबे बांधले हुते, आई! गाठसुद्धा एकटीनं मारली हुती. नुसती उडी राह्यली हुती. ती तू घेतलीस. पप्पूदादाला येतं पोहायला, तो जिंदगीत विहिरीबाहेर पडला न्हाई. मी समुद्रावर निघाले आन् मला उडी येईना! आन् तू मला सांगतीस, तुला आली?”

“मला तवा भ्या वाटलं गं. सोजरबाईची सून...”

“मग ते सांगायचं हुतं! मारायचं न्हवतं!”

फोन कट. चार मिनिटं शिल्लक होती. ती पुढच्या रविवारात मिळवून देत नाहीत.

तो आठवडा मी कुणाशी धड बोलले नाही. वजनाच्या काट्यावर पोरं ठेवायचे, उतरवायचे. अडीचला विहिरीवर जायचे, उडी मारायचे, वर यायचे, परत मारायचे. अंजना म्हणायची, बास आता, पाणी आटंल. मला मात्र एकच दिसायचं. पोरीला धीर द्यायला गेले आणि परीक्षेच्या तोंडावर तिचं मन ढवळून ठेवलं. शनिवारी ती फळीवर गेली, तेव्हा मी पोषण आहाराची पोती मोजत होते. चारदा मोजली, चारदा वेगळी भरली.

रविवारी दुपारी ओट्यावर मोबाईल घेऊन बसले. हेही सुट्टी असून बाहेर गेले नाहीत. सासूबाई लसूण सोलत होत्या, सोललेल्याच पाकळ्या परत सोलत होत्या. भिंतीपलीकडं पोपटरावांचा टीव्ही एकाएकी बारीक झाला.

फोन वाजला.

“झाली,” स्नेहल म्हणाली. “उडी झाली, पन्नास मीटरबी झालं. पास.”

ह्यांनी नुसती मान हलवून विचारलं, मी मान हलवली.

“आवाज आला न्हाई माझा?” मी शेवटी विचारलं.

“आला की. तसाच, ‘मागं हो.’ पर मला इतका राग आला तुझा, इतका राग आला, की म्हटलं, हिनं वराडायचं आन् मी मागं व्हायचं? किती वर्षं? आन् मारली.”

“रागानं मारलीस?”

“रागानंच. आन् तुला वाटत असंल, पास झाली, आता गोड बोलंल. न्हाई बोलणार. अजून गेला न्हाई माझा राग.”

“घालवू नकोस,” मी म्हटलं. “पुरवून वापर. अजून नऊ आठवडे हायेत.”